माती धरणांच्या पाझराचे आकडे जाहीर करा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

१२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरचे पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासलाही गेले. पुण्यात ही तारीख सर्वांना ठाऊक आहे. धरण कुठे खचले, हे मात्र फारसे बोलले जात नाही. भराव खचला तो विमोचकाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या वाहिनीच्या, वर. विमोचकाचे काम अपुरे असतानाच जलाशय भरला, अर्धवट बसवलेल्या दारांखालून पाणी हिसके देत वाहू लागले, वरची माती बसत गेली आणि अखेर धरणमाथ्यावरून पाणी उलटले.

आज तिथे उभे असलेले धरणही मातीचेच आहे आणि त्यावर ८ मेगावॉटचे वीजगृह चालते. सिंचनासाठी असो वा विजेसाठी, मातीच्या भरावातून काँक्रीटची वाहिनी नेली की सांधा आलाच. माती बसते, काँक्रीट बसत नाही. वाहिनीच्या बगलेत रोलर पोचत नाही. तिथे पातळ थर देऊन धुमसाने ठोकावे लागते आणि नेमकी तिथेच कुचराई होते. पुढे त्या सांध्यातून पाणी मातीचे कण घेऊन निघते आणि आत पोकळी वाढत जाते. बाहेर फक्त पाझर दिसतो. म्हणून तो मोजायचा.

पायथ्याच्या चरात ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे पाझर मोजायची ‘व्ही’ आकाराची खाच, असते. आधी शेवाळ आणि पालापाचोळा काढावा. पाण्याची उंची खाचेच्या तोंडाशी वाचू नये, थोडे मागे, पाणी संथ असते तिथे वाचावी. १० सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १२ सेंटिमीटर म्हणजे ६.९. दोन सेंटिमीटरच्या फरकात पाझर दीडपटीच्या वर जातो; म्हणून नोंदवहीत ‘पूर्ववत’ लिहून भागत नाही. उतारावरचे पावसाचे पाणीही त्याच चरात येते, तेव्हा शेजारी त्या दिवशीचा पाऊस आणि जलाशयाची पातळी लिहिलेली हवीच. पाऊस नाही, पातळी तीच, तरी पाझर वाढला, तर काचेच्या बाटलीत नमुना घेऊन रात्रभर ठेवावा. तळाला गाळ बसला, तर भरावाची माती निघते आहे असे समजून त्याच दिवशी वरिष्ठांना कळवावे. अशा वेळी पाझर बाहेरून बुजवणे घातक, कारण आतला दाब वाढतो. आधी वाळू, मग खडी अशी गाळणी रचून पाण्याला वाट द्यावी आणि पातळी उतरवायला लागावे. तीही बेताने, झपाट्याने उतरवली तर पाण्याकडचा उतार घसरू शकतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवऱ्याचे माती धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तक्रारीच्या जोडीला आकडे असते, तर ती बाजूला ठेवणे इतके सोपे गेले नसते, असे आमचे मत आहे.

धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तज्ज्ञांकडून पहिल्या सर्वंकष मूल्यमापनाची पाच वर्षांची मुदत ३० डिसेंबर २०२६ ला संपते. त्याआधी प्रत्येक माती धरणाचा पाझर, पातळी आणि पाऊस दर आठवड्याला, धरण भरलेले असताना रोज, संकेतस्थळावर आणि खालच्या गावांच्या ग्रामपंचायत फलकावर लागावा. बंद पडलेल्या पायझोमीटरची (भरावातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणांची) यादीही त्यासोबत द्यावी. पायथ्याची झुडपे मे महिन्यातच तोडावीत, नाहीतर ओल दिसतच नाही. सुशोभीकरणाच्या निविदांआधी या कामांना पैसे मिळावेत, अशी आग्रहाची विनंती.

आपले,
माती धरणांच्या देखभालीत काम केलेले अभियंते