स्पर्धेतल्या कथेवर परीक्षकांचा शेरा मिळायलाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लेखक-संमेलनांच्या जोडीने ज्या कथा-कवितांच्या स्पर्धा घेतात त्याबद्दल थोडं लिहायचंय. मी आत्तापर्यंत अशा चार स्पर्धांना कथा पाठवल्या, एकदा उत्तेजनार्थ मिळालं, तीनदा काहीच नाही. बक्षीस हुकलं म्हणून हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

पहिल्या वेळी फी भरली, कथा पाठवली, "प्रवेशिका मिळाली" असा मेल आला आणि मग तीन महिने काहीच नाही. संमेलनाच्या शेवटच्या दिवशी समारोपात पाच नावं घाईघाईत वाचून दाखवली कारण पाहुण्यांना निघायचं होतं. नंतर मी एका आयोजकांना गाठून विचारलं की परीक्षकांनी माझ्या कथेबद्दल काही लिहिलंय का, तर ते म्हणाले, "ताई, एवढ्या प्रवेशिका आल्यात, प्रत्येकाला काय काय सांगत बसणार?" त्यांचीही अडचण असेल, मी समजू शकते. पण मासिकाकडून कथा साभार परत आली की निदान ती परत आली एवढं तरी कळतं, इथे कोणी वाचली की नाही हेसुद्धा कळलं नाही.

दुसऱ्या एका स्पर्धेत मात्र नंबर आला नाही तरी संमेलनानंतर पंधरा दिवसांनी एक पानाचा कागद घरी आला. कथानक, पात्रं, संवाद, भाषा, शेवट असे पाच रकाने, प्रत्येकाला 20 गुण, आणि दोन परीक्षक. एकाने मला 71 दिले होते, दुसऱ्याने 48. त्या 48 वाल्यांनी खाली निळ्या पेनाने लिहिलं होतं, "कथा तिसऱ्या पानावर सुरू होते. आधीची दोन पानं तुमची तयारी आहे." मला खूप राग आला, कागद ड्रॉवरमध्ये टाकून दिला. दोन दिवसांनी परत कथा काढून वाचली तर खरंच, पहिली दोन पानं नुसता पाऊस आणि स्टेशन, आणि मोठी बहीण घराची किल्ली द्यायला नाही म्हणते तिथून खरी गोष्ट चालू होते, आणि ते वाक्य होतं तिसऱ्या पानावर! एवढ्या वर्षांत मैत्रिणींनी, घरच्यांनी "छान लिहितेस" यापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि ज्यांना माझं नावही माहीत नाही त्या माणसाने दोन ओळींत कथेचं दुखणं बरोब्बर पकडलं.

आणि तो 71 आणि 48 मधला फरक बघूनही बरंच कळलं. एकाच कथेला दोन वाचक इतके वेगळे गुण देऊ शकतात, म्हणजे नंबर आला नाही की कथाच वाईट असं धरून बसायचं कारण नाही. इ.स.पू. 431 मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत ग्रीक नाटककार युरिपिडीसचं 'मीडिया' हे आज अभिजात मानलं जाणारं नाटक तिसरं म्हणजे शेवटचं आलं होतं, आणि तिथले परीक्षक तर चिठ्ठ्या काढून ठरायचे.

म्हणून माझी आयोजकांना कळकळीची विनंती आहे, की गुण तर तुमचे परीक्षक कुठेतरी मांडतातच, तोच कागद सगळ्यांना पाठवा, सोबत दोन ओळी असल्या तरी पुरे. प्रवेशिका जास्त होत असतील तर शब्दमर्यादा 3000 वरून 1500 करा, वाचणाऱ्यांचं काम निम्मं होईल, किंवा ठरावीक आकड्यानंतर प्रवेशिका घेणं थांबवा, पण फी घेतली की शेरा द्या.

अजून एक, हक्कांचं. "आलेल्या साहित्याचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील" अशी ओळ नियमावलीत सगळ्यात शेवटी असते आणि नवीन लेखक ती न वाचताच सही करतात. लिहिलं त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी करावी लागत नाही, लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात 1908 च्या सुधारणेपासून हेच तत्त्व आहे. आयोजकांना स्मरणिकेत एकदा छापायची परवानगी पुरते, सगळे हक्क कशाला हवेत? शिवाय स्मरणिकेत छापली की ती कथा "पूर्वप्रकाशित" ठरते आणि बहुतेक स्पर्धांचे दरवाजे तिला बंद होतात, हे तरी आधी सांगा ना. विजेत्याने संमेलनाची नोंदणी करून हजर राहायलाच हवं अशी अट असेल तर तीही पहिल्याच पानावर लिहा.

पाठवणाऱ्यांनाही एक सांगते. नाव कथेवर घालू नका असा नियम असतो, आपण नाव काढतो, पण वर्ड फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये आपलं नाव तसंच राहतं, ते पुसा. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असेल तर युनिकोडमध्ये करून, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, नाहीतर परीक्षकांना नुसती चिन्हं दिसतात आणि कथा न वाचताच बाद होते.

ती किल्लीची कथा मी दोन पानं कापून परत लिहून काढलीये. आता एका संमेलनाच्या स्पर्धेला पाठवायची आहे, त्यांच्या नियमावलीत शेऱ्यांचा उल्लेख नाही म्हणून कालच मेल करून विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
एक कथालेखिका