धक्क्यावरच्या फलकाविषयी

थळ, ता. अलिबाग

चि. प्रथमेश यास अनेक उत्तम आशीर्वाद.

धक्क्यावर लावायच्या फलकासाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले त्यांत आपल्या समोरच्या बेटावरचा खांदेरी किल्ला असल्यामुळे फलक व्हावा ही मंडळाची इच्छा रास्त आहे. मात्र ‘इंग्रजांचे आरमार बुडवले’ हे वाक्य काढून टाक. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांची पन्नासहून अधिक गलबते इंग्रजांवर चालून गेली, त्यांचे ‘डव्ह’ हे गुराब (शिडाचे लढाऊ जहाज) आपल्या हाती लागले, बाकीची बहुतेक पांगली, हे खरे. पण इंग्रज कप्तान केग्विन आणि मिन्चिन ज्यावर होते ते ‘रिव्हेंज’ जहाज एकटे झुंजत राहिले, त्याने आपली काही गलबते बुडवली आणि उरलेल्यांना उथळ पाण्याकडे वळावे लागले. त्या गलबतांवरची माणसेही कुणाच्या तरी घरची होती. त्यांना वगळून विजय सांगू नये.

खांदेरी खरी राखली ती रात्रींनी. शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी जेमतेम दीडशे माणसांनिशी बेटावर तट उभारीत होता आणि समोर इंग्रजांचा पहारा होता. अशा वेळी या किनाऱ्यावरून अंधारात सामान पोहोचवले जाई, कारण वारा पडला की शिडाचे मोठे जहाज जागीच खिळते, तर आपली होडी वल्ह्यांवर खडकांमधूनही वाट काढते. ही गोष्ट कुठल्याही म्हाताऱ्या नाखव्याला समजावून सांगावी लागत नाही. फलकावर पहिला मान तिचाच असावा असे माझे मत आहे.

गावाला लढाईची तारीख कधी पाठ नव्हती. बेटावर उतरले की आधी वेताळापुढे नारळ ठेवायचा, मग पोरांनी तो धातूसारखा वाजणारा दगड खड्याने ठोकून पाहायचा आणि तट बघायचा तो त्यानंतर. आपली आठवण या क्रमाने चालत आली आहे. भंडारी म्हणतात मायनाक आमचा, कोळी म्हणतात होड्या आमच्या. (दोघेही बरोबर आहेत, हे मात्र बैठकीत बोलू नकोस.) मग आरमाराचा सरदार दौलतखान याचे नाव तुझ्या मजकुरातून कसे गळले? ते घाल. समोरच्या उंदेरीवर जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला आणि दोन्ही बेटांवरून तोफा चालू लागल्या, हेही एका ओळीत येऊ दे. नाहीतर इंग्रज परतल्यावर सारे शांत झाले असे पाहुण्यांना वाटेल.

फलक जाळी वाळत घालायच्या जागेत येणार नाही, हे मंडळाला आधीच सांगून ठेव. सुधारलेला मजकूर रविवारच्या बैठकीआधी पाठव.

तुझा,
बाबा