शेजारी कोण, हे नागेला विचार

चि. सुहास यास,
सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

परवाचा तुझा मेसेज वाचला. 'पृथ्वी सत्तेखाली आणा असं तुमच्याच बायबलात आहे, मग जंगलं तुटली तर नवल काय?' 'तुमच्याच' म्हणालास ते टोचलं, पण प्रश्न खोटा नाही. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकी इतिहासकारानं ख्रिस्ती लोकांवर हाच ठपका ठेवला होता. उपाय शोधताना मात्र त्यानं बोट दाखवलं ते पशुपक्ष्यांना भाऊबहीण म्हणणाऱ्या असिसीच्या संत फ्रान्सिसकडे. तेवढं तू सोयीनं गाळलंस.

बायबलातल्या त्याच उत्पत्तीच्या पुस्तकाचं एक पान पुढे उलट. देव आदामाला एदेन बागेत ठेवतो तो मशागतीला आणि राखणीला. सातबारा काही त्याच्या नावावर करून देत नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर साफच सांगितलंय, जमीन माझी, तुम्ही उपरे. सातव्या वर्षी तिला पडीक राहू द्या. आणि अनुवाद नावाच्या पुस्तकात नियम आहे की शहराला वेढा घातलात तरी फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. ऐन लढाईत, बरं का! आपल्याकडे रस्ता रुंद करायचा म्हटलं की कडुनिंब आधी जातो.

पण वचनं काय, तूही शोधशील आणि मीही. मला हे सरळ शेजारधर्माचं प्रकरण वाटतं. आपल्या न्हाणीतलं पाणी जातं कुठे? नाल्यातून नाग नदीत, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसीखुर्दच्या धरणात. नागपूरचं सांडपाणी सगळं शुद्ध होऊन जात नाही, हे पुलावरून नाक दाबून जाणाऱ्याला सांगायला नको. तिकडे भंडाऱ्याकडचा ढिवर त्याच पाण्यात जाळं टाकतो. 'माझा शेजारी कोण?' असं त्या शास्त्र्यानं येशूला विचारलं होतं. नागपूरकरानं विचारलं तर उत्तर नदीच्या उताराला आहे. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची राख ज्यांच्या वाळवणावर पडते, तेही त्यातच आले. आपला कूलर त्याच विजेवर चालतो.

आता आपल्या चर्चच्या मंडळीची गंमत ऐक. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तर प्रीतिभोजनाला चकचकीत कागदी प्लेटा आल्या. एक प्लेट मी नखानं खरवडून पाहिली, प्लास्टिकचा पापुद्रा अख्खा निघाला. जेवणानंतर मागच्या भिंतीशी ढीग, त्यात अर्धवट टाकलेला भात आणि हाडकं, आणि गायी पापुद्र्यासकट चघळून राहिल्या. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूनं उरलेले तुकडे गोळा करायला लावले होते, काही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. आपण त्याच वचनावर प्रवचन ऐकून बाहेर येतो आणि हात धुवायला नळ सोडून देतो.

कमिटीत मी स्टीलच्या ताटांचा विषय काढला. "ताटं आणू हो, पण घासणार कोण?" एक काका लगेच म्हणाले. बायका सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, या वेळी तरुण संघ घासेल.

नाताळला सुट्टी काढून येच. यादीत पहिलं नाव तुझं दिलंय. पप्पांनी राखेचं पोतं आणि काथ्या आधीच आणून ठेवलाय.

तुझी,
आई