बिल पास करणाऱ्या टेबलावरून

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बिलाचा फोटो पाहिला. व्हिडिओ एडिट करून दिलेस त्याला अडीच महिने झाले, ४५,००० रुपये अडकलेत आणि तुझ्या मते त्या कंपनीतली माणसं बनेल आहेत. असतीलही. पण हे बिल अडवायला बनेलपणाची गरज नाही, ते आपोआपच अडेल. एमआयडीसीतल्या कारखान्यात मी नोकरीभर लोकांची बिलंच पास केली, म्हणून त्या टेबलावरून काय दिसतं ते लिहिते.

ज्याने तुझ्याकडून व्हिडिओ एडिट करून घेतले, तो तुझं बिल वाचत नाही, पुढे ढकलतो. वाचते ती अकाउंट्समधली बाई. व्हिडिओ किती झकास झाले याच्याशी तिला देणंघेणं नसतं. ती तीन गोष्टी शेजारी मांडते: परचेस ऑर्डर (काम देताना कंपनी काढते तो लेखी कागद), काम मिळाल्याची त्या खात्याच्या माणसाची सही आणि बिल. नाव, आकडा, कामाचं वर्णन जुळलं की शिक्का. नाही जुळलं की कागद हरकतीच्या ट्रेमध्ये, आणि तो ट्रे महिनाअखेरीशिवाय कुणी उपसत नाही.

आता तुझं बिल घे. वर कंपनीचं नाव टाकलंयस ते त्यांच्या जाहिरातीतलं. ऑर्डर निघालीय ती प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाने. ऑर्डरचा नंबर कुठेच नाही. बिल नंबर ००१, आणि मागच्या वेळी त्यांनाच दिलेल्या बिलावरही ००१च होता म्हणतोस. अरे, एकाच माणसाचा तोच नंबर दुसऱ्यांदा आला की सॉफ्टवेअर अडून बसतं, आणि त्या बाईला वाटतं या बिलाचे पैसे तर देऊन झालेत. ‘२५-२६/०१४’ असा वर्षासकट, ओळीने नंबर दे आणि एप्रिलपासून नवी मालिका सुरू कर. वर्णनात नुसतं ‘एडिटिंग चार्जेस’ नको. ‘३० सेकंदांचे ३ व्हिडिओ, संकलन व सबटायटल, प्रत्येकी १५,०००’ असं लिही, म्हणजे तिला कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. रक्कम अक्षरी, पॅन, बँकेचा खाते नंबर, आयएफएससी, पैसे कधीपर्यंत द्यायचे ती तारीख, सही. लोगो मात्र पाव पानभर छापलायस. तो शेंगदाण्याएवढा केलास तरी चालेल.

जीएसटीचं तुझं डोकं उगाच गरगरतंय. सेवेचा धंदा आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. आणि नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून घेणं हा गुन्हाच. कुणी ‘१८ टक्के लावून द्या, चालतंय’ म्हणालं तरी लावायचा नाही. पुढे नोंदणी केलीस तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला ९ टक्के केंद्राचा अधिक ९ टक्के राज्याचा, परराज्यातल्या, म्हणजे बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाला एकरकमी १८ टक्के आयजीएसटी.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच काढून घ्यायचा आयकर, कापला की तू ‘पैसे कमी दिले’ म्हणून भांडायला उठतोस. एका कंपनीकडून वर्षाची व्यावसायिक फी ५०,००० च्या वर गेली की साधारण १० टक्के कापणं त्यांना भागच असतं. ६०,००० च्या बिलावर ५४,००० हातात येतील, ६,००० तुझ्या पॅनवर सरकारात जमा. रिटर्न भरताना ते वळते करून घ्यायचे. पॅन दिला नाहीस तर २० टक्के कापतील, म्हणून तो बिलावर ठळक हवा.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, कर, लगेच. आधार आणि पॅन लागतो, सरकारी साइटवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठव. २००६ च्या कायद्याने छोट्या उद्योजकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँक ठरवते त्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते व्याज मागून संबंध तोडायला तुला आत्ताच सांगत नाही. पण २०२३-२४ पासून आयकरातही अशी मेख आहे, की वेळेत न दिलेली आणि मार्चअखेरही थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये उद्यम नंबरवाली बिलं शोधशोधून आधी काढतात. नंबर मात्र बिलावर दिसला पाहिजे, तुझ्या कपाटात असून उपयोग नाही.

वसुलीसाठी मालकाला मेसेज टाकत बसू नकोस. तो ‘हो हो, बघतो’ म्हणणार. अकाउंट्सला मेल टाक, विषयात बिल नंबर आणि तारीख, आणि दोनच प्रश्न विचार: बिल पास झालंय का, आणि पेमेंट कोणत्या तारखेच्या यादीत आहे? नीट बोलणाऱ्याचं बिल आम्ही मुद्दाम वर ठेवायचो, खोटं कशाला सांगू.

नव्या कामाला निम्मे पैसे आगाऊ माग. लाजू नकोस.

हे बिल उद्याच नव्याने कर. तारीख आजची टाक, नंबर नवा दे आणि खाली एक ओळ लिही: ‘याच कामाचे यापूर्वीचे बिल क्र. ००१ रद्द समजावे.’ नाहीतर एकाच कामाची दोन बिलं म्हणून तेही ट्रेमध्ये जाईल. पाठवण्याआधी मला दाखव.

तुझी,
आई