दोन तासांचा तक्ता

प्रिय बाळा,

तुझा तक्ता पाहिला. प्रत्येक किलोमीटरपुढे ५ मिनिटं ४१ सेकंद, शेजारी चढत जाणारी बेरीज आणि तळाशी लाल अक्षरांत ‘दोन तासांच्या आत’. खाली लिहिलंयस, ‘आई, काही चुकलं असेल तर सांग.’ बेरीज चुकलेली नाही. पण पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर, हा कागद मनगटाला बांधून पळू नयेस असं मला वाटतं. का, ते लिहूनच कळवते, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी आकड्यांचंच बोलू. शर्यतीचा मार्ग मोजणारे सायकलच्या चाकाला काउंटर लावून मोजतात, आणि मोजतात ती कमीत कमी लांबीची रेघ, प्रत्येक वळण आतल्या कडेने कापत जाणारी. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. तुला ती रेघ मिळणार नाही, तिच्यावर आधीच गर्दी असेल. तू वळणं बाहेरून घेशील, कुणाला ओलांडायला तिरका जाशील, पाण्यासाठी कडेला जाशील. तुझं घड्याळ शेवटी २१.३ वगैरे दाखवेल. म्हणजे घड्याळावरचा ५:४१ चा पेस, किलोमीटरमागचा वेळ, इमानाने पाळूनही तू दोन तासांच्या वर मिनिटभर जाणार, आणि शेवटचे किलोमीटर ‘घड्याळ खरं की रस्त्यावरची पाटी खरी’ या भांडणात घालवणार. असे लोक मी पुष्कळ पाहिलेत. तोंडावरूनच ओळखू येतात.

आणि हे २१.०९७५ तरी आलं कुठून? ४२.१९५ चं निम्मं. ते ४२.१९५ अशामुळे, की १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या आसनांसमोर संपवायची होती. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. राणीसाहेबांच्या बैठकीच्या सोयीने ठरलेला आकडा आपण निम्मा केला, आणि त्यावर दोन तासांचं कुंपण आपलं आपणच घातलं. मला तरी त्यात पवित्र काही दिसत नाही.

खरं तर मजेने धावायला हेच अंतर सर्वात चांगलं, आणि त्याला शरीराचं कारण आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची असते. धावताना किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक कॅलरी लागते. तुझं वजन सत्तर धरलं तर एकवीस किलोमीटरना दीड हजाराच्या आतबाहेर. साठा पुरतो. पूर्ण मॅरेथॉनमध्ये तो तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला संपत येतो आणि माणूस रस्त्यातच विझतो, त्यालाच ‘वॉल’ म्हणतात. हाफमध्ये ती भिंत सहसा भेटत नाही. भेटलीच, तर ती बहुतेक वेळा धावणाऱ्यानेच पहिल्या पाच किलोमीटरमध्ये उधळपट्टी करून बांधलेली असते.

धावताना येणाऱ्या त्या तरंगण्याबद्दल तू मला मागे विचारलं होतंस. पूर्वी त्याचं श्रेय एंडॉर्फिनला, शरीरातल्या वेदना शमवणाऱ्या द्रव्याला द्यायचे. पण ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. शरीरातच तयार होणारे एंडोकॅनाबिनॉइड, भांगेतल्या द्रव्यासारखे, ते शिरतात. २०२१ मध्ये जर्मन संशोधकांनी धावणाऱ्यांना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं औषध देऊन पाहिलं, तरीही त्यांना ती खुशी जाणवली. त्याआधीच्या एका अभ्यासात एंडोकॅनाबिनॉइड मध्यम वेगाच्या धावण्यात वाढलेले दिसले होते. अगदी सावकाश चालण्यात नाही आणि जीव तोडून पळण्यातही नाही. म्हणजे बाजूच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, त्याच्या आसपासचा वेग. तुझा ५:४१ तुझ्यासाठी असा आहे का? तुझ्या लाँग रनचे, आठवड्यातल्या सर्वात लांब धावण्याचे आकडे पाहता, नाही. त्या वेगात तू ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतोस.

माझ्या बाजूचंही एक सांगते. मी लहान असताना ऑलिंपिकमध्ये बायकांसाठी १५०० मीटरपुढे धावण्याची शर्यतच नव्हती. बायकांना झेपणार नाही, असं शहाणी माणसं गंभीरपणे म्हणत. मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. त्याआधी, १९६७ मध्ये, बॉस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर धावत असताना एक अधिकारी तिच्या अंगावरचा २६१ नंबर ओढून काढायला मागून आला. त्याला बाजूला सारलं गेलं आणि तिने शर्यत पुरी केली. तिला किती वेळ लागला, हे मला आजवर एकाही धावणाऱ्याने सांगितलेलं नाही. नंबर मात्र सगळ्यांना पाठ.

आता तक्त्यात जे मावत नाही ते.

सुरुवातीच्या गर्दीत कमालीची बडबड असते. बुटांच्या नाड्या, कालची झोप, गुडघा, स्वच्छतागृहाची रांग. हॉर्न वाजतो आणि दोन-तीनशे मीटरमध्ये सगळं बोलणं आटतं. मग ऐकू येतात ती फक्त पावलं, हजारो, एका लयीत नसलेली. हा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. इअरफोन घालू नकोस, एवढ्यासाठी तरी.

त्यानंतर दोन तास तू माणसांच्या पाठी बघतोस. तोंडं दिसत नाहीत, पण पाठीवरून माणूस कळायला लागतो. एकाचा डावा खांदा उचललेला असतो, एकीची वेणी घड्याळाच्या लंबकासारखी अचूक हलते, एकजण दर पाच मिनिटांनी चालायला लागतो आणि तुला वाटतं हा गेला, तर पुढच्या किलोमीटरला तो पुन्हा तुझ्या पुढेच असतो. तो थकलेला नसतो, पळणं-चालणं ठरवून करत असतो. जेफ गॅलोवे या धावपटूने ही पद्धत लोकांच्या गळी उतरवली, आणि तिच्यावर हसणारे बहुतेक असं धावणाऱ्यांच्याच मागे राहतात. कधी एकाच दोरीची दोन टोकं हातात धरून जाणारी जोडी दिसेल, एक दृष्टिहीन आणि एक वाट दाखवणारा. त्यांच्या मागे काही वेळ राहा. वाट दाखवणारा काय काय सांगतो ते ऐक. खड्डा, वळण, पाण्याचं टेबल हे तर तो सांगतोच, शिवाय आकाश कसं दिसतंय तेही सांगतो.

पंधरा-सोळाच्या पुढे कुणी फार बोलत नाही. घाम वाळून कपाळावर मीठ दिसतं, मांड्या भरून येतात. इथे अनोळखी माणसं एकमेकांना विचित्र ओढ लावतात. कुणी अर्ध्या पावलाने मागे पडला की शेजारचा न बोलता वेग कमी करतो. ज्याचा डोळा घड्याळावर आहे, त्याला हे करता येत नाही. तो वाईट माणूस नसतो, त्याला परवडत नाही एवढंच.

तू म्हणशील, आई मला आळशीपणा शिकवते आहे. अजिबात नाही. आठवड्याचा लाँग रन चुकवलास तर यातलं काहीच दिसणार नाही, फक्त स्वतःच्या पोटऱ्या दिसतील. आजूबाजूला बघण्याइतका दम शिल्लक राहावा, यासाठीच तर तयारी. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र अंतर कमी कर. तेव्हा जास्तीचं पळून काही कमावता येत नाही.

माझं सुचवणं असं. २:१५ च्या पेसरमागे, म्हणजे बरोबर तेवढ्या वेळात शर्यत संपवून देणाऱ्या धावपटूमागे, उभा राहा. म्हणजे किलोमीटरला ६:२४. पहिल्या पाचात शेकडो लोक तुला ओलांडून जातील, जाऊ देत. पाणी तहान लागेल तेवढंच पी. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर घोटभर ढोसत गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तो तहानेपेक्षा मोठा धोका आहे. सोळाव्या किलोमीटरला पाय हलके असले तर पेसरला हात करून पुढे निघून जा, माझी काही हरकत नाही. तेवढ्यात दोन तास दहा-बारा मिनिटं झाली तर झाली. दोन तासांच्या आत यायची हौस उरलीच, तर पुढच्या मोसमात मी स्वतः तुझा तक्ता करून देईन, वळणांचे जास्तीचे मीटर धरून.

संपल्यावर लगेच बसू नकोस, दहा मिनिटं चालत राहा. मग झोप काढ आणि संध्याकाळी फोन कर. वेळ मला निकालात दिसेलच. तू कुणाच्या पाठीमागे धावलास ते सांग.

तुझी,
आई

ता. क. नवे मोजे त्या दिवशी घालू नकोस, आणि पायाची नखं दोन-तीन दिवस आधीच काप. आदल्या रात्री कापलेलं नख दहाव्या किलोमीटरला आठवण करून देतं.