थकव्याच्या आड

प्रिय मीरा,

परवा फोनवर तू म्हणालीस, "पाय साथ देत नाहीत त्याचं एक वेळ चालेल गं, पण कशातच मन का लागत नाही?" आणि लगेच विषय बदललास. मीही बदलू दिला. फोन ठेवल्यापासून तेच टोचतंय, म्हणून लिहायला बसले.

तुझ्यासारखाच मलाही एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार आहे, हे कळलं त्याला आता नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी जवळजवळ अंथरुणातच काढली. विचारेल त्याला सांगायचे, थकवा आहे. डॉक्टरांनाही तेच. एमएसमध्ये थकवा येतोच, त्यामुळे पुढे कुणी खोदून विचारलं नाही, आणि मला स्वतःला तर काय सांगायचं हेच ठाऊक नव्हतं. त्या थकव्याच्या आड डिप्रेशन दडलं होतं.

आज मागे वळून बघताना फरक दिसतो. नुसत्या थकव्याच्या दिवशी अंग उठत नाही, पण इच्छा जागी असते. गाणं ऐकावंसं वाटतं, कुणी भेटायला यावंसं वाटतं. डिप्रेशनच्या दिवसांत इच्छाच आटून जाते. कितीही झोपलं तरी तेच, आवडीचं माणूस समोर आलं तरी तेच, आणि आपण सगळ्यांना ओझं झालोय हा विचार हटत नाही. अर्थात दोन्ही इतकी मिसळलेली असतात की स्वतःचं स्वतःला सांगता येईलच असं नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज असं वाटत असेल तर तेवढंच डॉक्टरांसमोर बोलायचं. निवाडा त्यांना करू दे.

तू याला मनाचा कमकुवतपणा म्हणतेस, ते मला मान्य नाही. एमएस असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी डिप्रेशन गाठतं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते, आणि भावना सांभाळणारे मेंदूचे भाग काही त्यातून सुटत नाहीत. या हल्ल्याने येणारी सूजही मन खाली ओढते. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ मध्ये पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि त्यांनीच स्मरणशक्तीत आणि भावनांत होणारे बदल नोंदवले होते. रिलॅप्समध्ये, म्हणजे आजार पुन्हा उसळला तेव्हा, तुला स्टेरॉइड दिली आणि तू रात्रभर जागी होतीस, मध्येच रडत होतीस, आठवतं? त्या औषधानेही तसं होऊ शकतं. तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं याचा मला अजून राग येतो.

आता सवयींचं. मला लोकांनी याद्या दिल्या होत्या: चाला, नीट जेवा, वेळेवर झोपा. सगळं खरंच होतं. पण मन बुडालेलं असताना चुकलेला प्रत्येक व्यायाम म्हणजे आपण नालायक असल्याचा आणखी एक पुरावा वाटायचा. समुपदेशन आणि गोळ्या सुरू झाल्यावरच मला चालता आलं. म्हणून सांगते, आधी मनाचं बघ.

व्यायामाची भीतीही काढून टाक. व्यायामाने अंग तापलं की नजर अंधूक होते, पाय जड होतात. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी हे १८९० मध्ये लिहून ठेवलं, आणि पुढे कित्येक वर्षं एमएसच्या रुग्णांना व्यायामच करू नका असं सांगितलं गेलं. पण शरीर थंड झालं की ते ओसरतं, त्याने आजार वाढत नाही. आता आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल करावी असं सुचवतात, ज्याला जमेल तसं, टप्प्याटप्प्याने. मी पाच मिनिटांनी सुरुवात केली, पंख्यासमोर, मानेवर ओला रुमाल ठेवून. रात्री लघवीसाठी चारदा उठतेस, पाय आखडतात, तेही डॉक्टरांना सांग. त्यावर उपचार आहेत, आणि झोप लागली तर दिवस निराळा जातो.

सिगारेटबद्दल तू रागावशील, तरी बोलते. धूम्रपानाने एमएस लवकर पुढे सरकतो. सोडायला मदत मिळते, एकटीने झगडू नकोस.

आणि जगणंच नको असं कधी वाटलं, तर कुठल्या भेटीची वाट बघायची नाही. तडक जवळच्या इस्पितळात जायचं आणि मला फोन करायचा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

शुक्रवारी तुझी न्यूरॉलॉजिस्टकडे वेळ आहे. पायांचं सांगून झालं की हेही सांग. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून दे. मी येतेय सोबत. आत नको असेन तर बाहेर बसेन.

तुझीच,
शुभा