हँडलपासून सुटका करणारा केटरिंग

महोदय,

मोटारींच्या इतिहासावर लिहिताना आपण इंजिनाबद्दल भरभरून लिहितो, पण ते सुरू करण्याच्या सोयीला ओळभरही जागा देत नाही, याची खंत वाटते. शेतावरच्या ऑइल इंजिनाचे हँडल ज्यांनी मारले आहे, त्यांना त्या उलट्या झटक्याची भीती सांगावी लागणार नाही. जुन्या मोटारीही अशाच हँडल मारून सुरू करत; इंजिनातली ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटे फिरे आणि मनगटाजवळचे हाड मोडे. अस्थितज्ज्ञ त्या दुखापतीला आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ (मोटारचालकाचा अस्थिभंग) म्हणतात. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायचे, एवढाच काय तो बचाव!

अमेरिकेतील डेटन शहरात चार्ल्स केटरिंग यांनी यावर उपाय काढला. त्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. काही क्षणांपुरते काम असेल तर लहान मोटरही मोठा जोर सोसते, हे त्यांनी तिथेच हेरले. हँडलऐवजी विजेच्या मोटरने इंजिन सुरू करणारा त्यांचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक मोटारीत आला. इंजिन सुरू झाल्यावर तेच यंत्र बॅटरीही भरत असे, हे मला सर्वांत विलक्षण वाटते. मोटारींवरील लेखांत केटरिंग यांचे नाव आवर्जून यावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा